शिकवणारे कोणी नसेल तेव्हा
नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची स्वयंनिर्देशित अध्ययनाची सज्जता आणि तिचे मोजमाप : एक प्रस्तावना

जोयडा तालुका उत्तर कन्नड जिल्ह्याच्या नकाशावर मोठा दिसतो आणि जनगणनेच्या तक्त्यात लहान. २०११ साली इथली लोकसंख्या पन्नास हजारांच्या जेमतेम वर होती. तालुक्याचा बराचसा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात येतो. जुने सुपा गाव काळी नदीवरच्या धरणात बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि विस्थापितांसाठी रामनगर वसले. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. त्यामुळे इथल्या मुलांच्या वाट्याला आजही भाषांची चळत येते: घरात कोंकणी, शाळेत कुठे मराठी तर कुठे कन्नड, कचेरीत कन्नड आणि पुढे कोणी नर्सिंगला गेलीच तर वहीत इंग्रजी.

अशी मुलगी शिकायला बेळगाव, धारवाड, हुबळी, कारवार किंवा गोवा गाठते. कॉलेजात तिचा दिवस दुसऱ्यांनी आखलेला असतो. सकाळी वॉर्ड ड्युटी, दुपारी लेक्चर, रात्री जर्नल. ट्यूटर सही करतात, इन्चार्ज सिस्टर चुका काढतात, परीक्षक व्हायवा घेतात. पुढे ती सामुदायिक आरोग्य अधिकारी, म्हणजे सगळे ज्याला ‘सीएचओ’ म्हणतात त्या पदावर, एखाद्या दूरच्या उपकेंद्रात रुजू झाली की हे सारे एका दिवसात संपते. डॉक्टर फोनच्या पलीकडे असतात, तेही रेंज असेल तर. पावसाळ्यात अणशी घाटात दरड आली की कारवारचा रस्ताच बंद.

तिथे तिला काय काय माहीत असावे लागते, याचा एक नमुना पाहू. भातखाचरात साप चावलेला माणूस आला. साप कोणता, हे कोणी पाहिलेले नाही. अशा वेळी एक साधी चाचणी हाताशी असते. शिरेतले दोन मिलिलिटर रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचे, नळी वीस मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करायची. रक्त गोठले नसेल तर विषाने गोठण्याची क्रिया बिघडवली आहे. चाचणी सोपी आहे, पण तिच्या अटी कडक आहेत. नळी काचेचीच हवी, कारण रक्त गोठण्याची साखळी काचेच्या स्पर्शाने सुरू होते; प्लॅस्टिकच्या नळीत निकाल फसवा येतो. साबणाच्या पावडरीने धुतलेली नळीही चालत नाही. एवढे करून रक्त गोठले नाही असे दिसले, तरी प्रश्न उरतोच. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनते. सह्याद्रीच्या जंगलात हम्प-नोज्ड पिट व्हायपर नावाचा, उंचावल्या नाकाचा एक लहानसा सापही आहे. त्याच्या विषानेही रक्त गोठेनासे होऊ शकते, आणि त्यावर हे प्रतिविष चालत नाही. पाठ्यपुस्तकात ‘चार विषारी साप’ पाठ केलेल्या नर्सला पाचव्याची गाठ नोकरीत पडते.

माकडतापाचे असेच. गोचिडीतून पसरणारा हा आजार १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला आणि पुष्कळ वर्षे कर्नाटकाच्या त्या भागाचाच मानला गेला. २०१५ मध्ये तो गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात दिसू लागला. त्यावर दिली जाणारी जुनी लस पुरेशी परिणामकारक नाही म्हणून पुढे थांबवण्यात आली. ‘लस आहे’ असे परीक्षेत बरोबर लिहून आलेल्या मुलीला काही वर्षांतच ते उत्तर पुसावे लागले. नवे शिकण्याइतकेच जुने पुसण्याचेही काम असते, आणि ते कर म्हणून सांगायला उपकेंद्रावर ट्यूटर येत नाही.

मग कॉलेजातून बाहेर पडण्याआधीच ओळखता येईल का, की ही मुलगी पुढे आपणहून शिकत राहील आणि ती नाही? या एका प्रश्नाभोवती गेल्या अर्धशतकात संशोधनाचे अख्खे क्षेत्र उभे राहिले आहे. प्रश्नावल्या आल्या, त्यांची भाषांतरे झाली, गुणांच्या पायऱ्या ठरल्या, त्यांवर वाद झडले. मराठी वाचकाला त्या क्षेत्राची ओळख करून देणे हे या पुस्तकाचे पहिले काम. दुसरे काम जरा वादाचे आहे. सज्जतेचा आकडा विद्यार्थिनीच्या नावापुढे लिहिला जातो, पण त्यातला मोठा वाटा तिच्या कॉलेजाचा, वॉर्डाचा आणि भाषेचा असतो. म्हणून तो वाचावाही त्यांच्या संदर्भात, अशी या पुस्तकाची भूमिका आहे.

या विचाराची पाळेमुळे प्रौढशिक्षणात सापडतात. अमेरिकी अभ्यासक सिरिल हूल यांनी १९६१ मध्ये सतत काही ना काही शिकणाऱ्या २२ प्रौढांच्या मुलाखतींवर आधारित छोटे पुस्तक लिहिले. कोणी नेमक्या कामासाठी शिकतो, कोणाला शिकण्याच्या निमित्ताने मिळणारी सोबत हवी असते आणि कोणाला शिकणेच आवडते, असे तीन प्रकार त्यांनी मांडले. त्यांचे शिष्य ॲलन टफ यांनी कॅनडात हाच धागा पुढे नेला. सामान्य माणसे कोणत्याही वर्गात न जाता वर्षाकाठी किती ‘शिकण्याचे प्रकल्प’ हाती घेतात, हे त्यांनी मोजले आणि १९७१ मध्ये मांडले. शिकणे म्हणजे शाळा, या समजाला त्यांच्या नोंदींनी चांगलाच धक्का दिला. मग १९७५ मध्ये माल्कम नोल्स यांनी स्वयंनिर्देशित अध्ययनाची आजही सर्वाधिक उद्धृत होणारी व्याख्या केली. आपल्याला काय येत नाही हे ओळखणे, उद्दिष्ट ठरवणे, माणसे आणि साधने शोधणे, पद्धत निवडणे आणि शेवटी आपण शिकलो का हे तपासणे, या पायऱ्यांवर स्वतः पुढाकार घेणे म्हणजे असे अध्ययन. त्यात इतरांची मदत घ्यायला नोल्स यांची अजिबात हरकत नव्हती. हा बारकावा पुढे अनेकांच्या नजरेतून सुटला आणि ‘स्वयं’ म्हणजे एकट्याने, असा अर्थ रूढ झाला. भारतातल्या कित्येक वेळापत्रकांत ‘सेल्फ स्टडी’ची तासिका म्हणजे ट्यूटर गैरहजर असलेली तासिका ठरते, ती याच गैरसमजातून.

मोजमाप सुरू झाले १९७७ मध्ये. जॉर्जिया विद्यापीठात डॉक्टरेट करणाऱ्या लूसी गुग्लिएल्मिनो यांनी १४ तज्ज्ञांना फेऱ्याफेऱ्यांनी प्रश्न विचारून, कोणी काय म्हटले हे इतरांना न कळवता, त्यांच्या मतांचा मेळ घातला. या पद्धतीला डेल्फी म्हणतात. त्यातून पुढे ५८ विधानांची सज्जता मापनश्रेणी तयार झाली. प्रत्येक विधानापुढे पाच पर्याय, एकूण गुण ५८ ते २९०. जिज्ञासा, पुढाकार, शिकण्याची जबाबदारी घेणे, चुकण्याची तयारी अशा गोष्टी तिने एका आकड्यात आणल्या. कंपन्यांपासून विद्यापीठांपर्यंत ती पसरली आणि तिच्यावर टीकाही तेवढीच झाली. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे लॉरेन्स फील्ड यांनी तिच्या संकल्पनेवर आणि सांख्यिकीवर थेट बोट ठेवले. गुग्लिएल्मिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिले. हा वाद वाचण्यासारखा आहे, कारण मापनाच्या प्रत्येक अभ्यासकाला पुढे तेच प्रश्न पडले: आपण मोजतो ते कौशल्य, स्वभाव की शिकण्याची आवड?

त्याच सुमारास सिद्धांताच्या बाजूलाही फाटे फुटत होते. १९९१ हे वर्ष या दृष्टीने भरघोस. फिलिप कँडी यांनी स्वयंनिर्देशन ही वृत्ती, क्षमता, शिकण्याची पद्धत आणि वर्गाबाहेरचे शिक्षण अशी वेगवेगळी अंगे असलेली गोष्ट आहे, हे सविस्तर दाखवले. एका विषयात स्वतंत्र असलेला माणूस दुसऱ्या विषयात परावलंबी असू शकतो, हे त्यांचे म्हणणे नर्सिंगला फार लागू पडते. वॉर्डात चटपटीत असणारी मुलगी संशोधनाच्या पेपरात अडते. ब्रॉकेट आणि हीमस्ट्रा यांनी व्यक्ती आणि शिकण्याची प्रक्रिया या दोन्ही बाजू एका मांडणीत बसवल्या आणि भोवतालच्या समाजाला त्यात जागा दिली. जेराल्ड ग्रो यांनी परावलंबी ते स्वयंनिर्देशित अशा चार पायऱ्या कल्पून शिक्षकाला बजावले की विद्यार्थी ज्या पायरीवर आहे त्यापेक्षा फार वरचे किंवा फार खालचे शिकवणे दोन्ही घातक. १९९७ मध्ये रँडी गॅरिसन यांनी प्रेरणा, स्वतःच्या समजुतीवर लक्ष ठेवणे आणि कामाचे व्यवस्थापन असे तीन पदर मांडले. एवढ्या मांडण्यांतून ठळक प्रवाह तीन: सज्जतेला स्वभावाचा गुण मानणारा, तिला शिकवता येणारी प्रक्रिया मानणारा आणि तिला परिस्थितीशी बांधणारा. कोणती प्रश्नावली कोणत्या प्रवाहातून आली हे कळले की तिच्या आकड्यांकडून काय अपेक्षा करावी, हेही कळते.

नर्सिंगची स्वतःची मापनश्रेणी २००१ मध्ये सिडनीतून आली. मरे फिशर, जेनिफर किंग आणि ग्रेस टॅग यांनी ११ नर्सिंग शिक्षकांच्या डेल्फी फेऱ्या घेतल्या आणि २०१ विद्यार्थ्यांवर विधाने तपासून ४० विधाने कायम केली. त्यांचे तीन गट पडले: स्वव्यवस्थापनाची १३, शिकण्याच्या ओढीची १२ आणि स्वनियंत्रणाची १५. एकूण गुण ४० ते २००. दीडशेच्या वर गेलेला विद्यार्थी सज्ज समजावा, असे सुचवले गेले. गुग्लिएल्मिनो यांची श्रेणी वापरायला शुल्क पडते. फिशर यांची सुटसुटीत होती आणि परिचारिकांसाठीच घडलेली होती, म्हणून ती जगभर गेली. पुढे इंग्लंडमधून स्वप्ना विल्यमसन यांची ६० विधानांची स्वमूल्यांकन श्रेणी २००७ मध्ये आणि तैवानमधून चेंग व सहकाऱ्यांची अवघ्या २० विधानांची श्रेणी २०१० मध्ये आली. या दोन्हींत एक गट परस्परसंवादाचा आहे, आणि तो फिशर यांच्या तीन गटांत नाही. इतरांकडून शिकता येणे हाही स्वयंनिर्देशनाचाच भाग, हा नोल्स यांचा विसरलेला बारकावा इथे परत आला.

दीडशे हा आकडा मात्र जपून वापरायचा आहे. १५० भागिले ४० म्हणजे प्रत्येक विधानाला सरासरी ३.७५, ‘सहमत’च्या किंचित अलीकडे. चांगले दिसावे म्हणून सगळीकडे ‘सहमत’वर खूण करणारी मुलगी १६० गुण घेऊन सज्ज ठरते. स्वतःशी कठोर असलेली, बऱ्याच ठिकाणी ‘सांगता येत नाही’ म्हणणारी मुलगी मागे पडते. फिशर आणि किंग यांनीच २०१० मध्ये आपल्या श्रेणीची फेरतपासणी केली आणि नीट न बसणारी विधाने गाळून २९ विधानांची आवृत्ती सुचवली. तरीही भारतात पुढची कितीतरी वर्षे मूळ ४० विधाने आणि मूळ दीडशेची रेघ तशीच चालू राहिली.

सगळ्यात अवघड प्रश्न स्वमूल्यांकनाचा. माणसाला स्वतःचे अज्ञान कितपत दिसते? २००६ मध्ये डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांच्या स्वमूल्यांकनाची बाहेरून केलेल्या मूल्यांकनाशी तुलना करणारे अभ्यास एकत्र तपासले. २० तुलनांपैकी १३ मध्ये दोघांचा संबंध नगण्य, शून्य किंवा चक्क उलटा निघाला. दुसरीकडे, अशा अध्ययनाचा फायदा होतो का, हे मुराद आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ५९ अभ्यास आणि आठ हजारांवर विद्यार्थी यांच्या आधारे पाहिले. ज्ञानात मध्यम प्रमाणात सुधारणा दिसली, कौशल्य आणि वृत्ती यांतला फायदा मात्र सांख्यिकीच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. सलाइन लावायला, बाळंतपण करायला, जखम शिवताना मदत करायला शिकवणारा हात लागतोच. प्रश्नावलीतला चांगला गुण त्याची जागा घेऊ शकत नाही.

आणखी एक निष्कर्ष शिक्षकांना अस्वस्थ करणारा आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठात कल्याणी प्रेमकुमार आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांची सज्जता वर्षानुवर्षे मोजली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पहिल्या वर्षाअखेर गुण चढण्याऐवजी घसरलेले दिसले. शिक्षणाने सज्जता मारली, असा त्याचा एक अर्थ. जास्त शिकल्यावर आपल्याला किती येत नाही हे कळू लागते आणि विद्यार्थी स्वतःला प्रामाणिकपणे कमी गुण देतो, असा दुसरा. दोन्ही अर्थ एकाच आकड्यात लपलेले असतात, आणि तो आकडा त्यांतला खरा कोणता ते सांगत नाही. त्यासाठी विद्यार्थ्यांशी बोलावे लागते. प्रेमकुमार यांनी वेल्लूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांसोबत २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अभ्यासात प्रश्नावलीच्या जोडीला गटचर्चा आणि मुलाखती घेतल्या, त्या म्हणूनच महत्त्वाच्या.

भारतात हा विषय नर्सिंगमध्ये उशिरा आला, त्याला इतिहास आहे. आपल्याकडचे परिचारिका प्रशिक्षण मिशन आणि सरकारी इस्पितळांत वाढले. मिरजेच्या मिशन इस्पितळाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परिचारिका घडवायला सुरुवात केली. रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या सेवासदनाने विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून इस्पितळात नर्सिंग शिकायला पाठवले, तेव्हा घराबाहेर पडून परक्या माणसाची शुश्रूषा करणे हेच केवढे धाडस होते. त्या काळात शिकणारी मुलगी म्हणजे इस्पितळाचा कामाचा हातही होती. गणवेश, वेळ, हुकूम आणि हुकमाची तंतोतंत अंमलबजावणी यांवर वॉर्ड चालत असे. या शिस्तीने असंख्य जीव वाचवले. तिची टिंगल करायचे कारण नाही. मात्र तिथे ‘हे असेच का?’ असे विचारणे उद्धटपणा ठरे. पदवी शिक्षण १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लूर इथे सुरू झाले, १९४७च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली, तरी वॉर्डातली ती सवय पूर्ण गेली नाही. आपल्या शिकण्याचे नियंत्रण आपल्या हाती असते, असे विधान ज्या मुलीपुढे ठेवले जाते तिला गेल्या आठवड्यात शंका विचारली म्हणून सर्वांसमोर ऐकून घ्यावे लागलेले असते. ती ‘असहमत’वर खूण करते तेव्हा स्वभावापेक्षा वॉर्डाबद्दलच अधिक सांगत असते.

एक दृश्य नर्सिंगच्या कुठल्याही वसतिगृहात पाहायला मिळेल. केअर प्लॅन द्यायची आदली रात्र. वरच्या वर्षाच्या मुलीची जुनी फाइल खोलीखोलीतून फिरते. रुग्णाचे नाव, वय, बेड नंबर बदलतो. ‘चिंता, आजाराविषयी अपुऱ्या माहितीमुळे’ हे निदान आणि त्याखालच्या उपाययोजना मात्र वर्षानुवर्षे त्याच राहतात. दुसऱ्या दिवशी लाल शाईची सही मिळते. याला आळस म्हणून मोकळे होता येईल. पण त्याच मुलीने दिवसभर वॉर्डात तीस रुग्णांचे बीपी घेतलेले असते, ग्रंथालय संध्याकाळी बंद झालेले असते, संदर्भग्रंथ इंग्रजीत असतो आणि गुण सुबक अक्षराला व वेळेवर दिलेल्या फाइलला मिळतात. नक्कल हा त्या व्यवस्थेला दिलेला शहाणपणाचा प्रतिसाद असतो. तीच मुलगी नातेवाइकाच्या आजारपणात रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलवर औषधांचे दुष्परिणाम शोधत बसते. तिची सज्जता कोणत्या खोलीत मोजायची?

मापनश्रेणीच्या भाषेचा मुद्दाही इथेच येतो. नर्सेस बीपीच्या पट्ट्याच्या मापाबद्दल जागरूक असतात: जाड दंडाला लहान कफ बांधला तर बीपी खोटे चढलेले दिसते, यंत्र बिघडलेले नसतानाही. सिडनीतल्या विद्यार्थ्यांच्या मापाची प्रश्नावली सीमाभागातल्या मुलींना बांधताना तसेच होऊ शकते. दहावीपर्यंत मराठी किंवा कन्नड माध्यमात शिकलेली मुलगी इंग्रजीतले नकारार्थी विधान भरभर वाचते, ‘नॉट’ सुटतो आणि उलट्या मोजणीत पाचाचा एक होतो. म्हणून भाषांतर, उलट भाषांतर, तज्ज्ञांची तपासणी आणि थोड्या विद्यार्थ्यांना एकेक विधान मोठ्याने वाचायला लावून ‘तुला यातून काय समजले?’ असे विचारणे या पायऱ्या टाळता येत नाहीत. मराठीत उतरवलेली श्रेणी पुणे-नाशिकला चालली म्हणून जोयडा-हल्याळकडच्या विद्यार्थिनींना तशीच चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

भारतीय वैद्यकीय शिक्षणात या श्रेण्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. किनारी कर्नाटकातल्या मणिपालमध्ये शरीरक्रियाशास्त्राच्या शिक्षकांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची सज्जता फिशर यांच्या श्रेणीने तपासली आणि ती त्या विषयाच्या परीक्षेतल्या गुणांशी जोडून पाहिली. नर्सिंगमध्ये पदव्युत्तर प्रबंधांची अडचण वेगळीच. एकच साचा चालतो: श्रेणी भरून घ्यायची, किती टक्के सज्ज आणि किती असज्ज ते काढायचे, मग वय, धर्म, कौटुंबिक उत्पन्न आणि राहण्याचे ठिकाण यांच्याशी काय-स्क्वेअर या सांख्यिकी चाचणीने संबंध तपासायचा. विद्यार्थिनीचा धर्म आणि तिची सज्जता यांचा संबंध का असावा, याचा विचार कोष्टक आखताना क्वचितच होतो. ग्रंथालय किती वाजता बंद होते, वसतिगृहात मोबाइल कधी काढून घेतात, एका ट्यूटरमागे किती विद्यार्थी असतात, हे रकाने त्या कोष्टकात नसतात. महाविद्यालयाला बदलता येण्यासारखे असते ते नेमके हेच.

आताच हा विषय मराठीत आणण्याची कारणे ठोस आहेत. भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम २०२१ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध केला. त्यात सत्रपद्धती आली, श्रेयांक आले, क्षमतांवर भर आला आणि स्वयंअध्ययनाला वेळापत्रकात हक्काचे तास मिळाले. एमबीबीएसला क्षमतांवरच्या भराचा आणि स्वयंअध्ययनाच्या तासांचा बदल २०१९ पासूनच लागू झाला होता. तास आले की त्यांचे काय झाले, हे कोणीतरी विचारणारच, आणि उत्तर द्यायला ट्यूटरला साधन लागेल. २०१८ नंतर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली, आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे सीएचओ म्हणून येणाऱ्यांत नर्सिंगच्या पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. मधुमेह, रक्तदाब, तोंडाच्या कर्करोगाची तपासणी, मानसिक आरोग्य असा त्यांच्या कामाचा पसारा डॉक्टर जवळ नसताना निर्णय मागतो. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी सतत शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. शहरात ते कार्यशाळांच्या प्रमाणपत्रांनी भरतात, जंगलपट्ट्यात तेवढी सोय नाही. शिवाय कोविडच्या काळात वर्ग मोबाइलवर गेले तेव्हा रेंजसाठी टेकडी चढणारी मुले कोकणात आणि घाटमाथ्यावर सर्वांनी पाहिली. सज्जता त्यांच्याकडे भरपूर होती, कमी पडला तो टॉवर. आता तर प्रश्न टाकताच उत्तर लिहून देणारी साधनेही मोबाइलवर आहेत. उत्तर मिळवणे सोपे झाले, ते कोणत्या रुग्णाला लागू आणि कोणाला नाही हे पारखणे जास्त अवघड झाले.

या पार्श्वभूमीवर पुस्तकाची रचना ठरली आहे. ते सांख्यिकीचे पाठ्यपुस्तक नाही. क्रोनबाक अल्फा म्हणजे काय, घटक विश्लेषण कशासाठी करतात, हे वाचकाला समजेल एवढेच त्यात आहे. अल्फा ०.९ आला म्हणून श्रेणी खरी ठरत नाही, विधाने एकमेकींशी सुसंगत आहेत एवढेच त्यातून कळते, हे मात्र त्यात पुनःपुन्हा सांगितले आहे. चार प्रमुख श्रेण्या शेजारी ठेवून कोणती कुठे वापरावी, तिची परवानगी कशी मिळवावी, भाषांतर कसे तपासावे, याची चर्चा आहे. आकड्याशेजारी ठेवायच्या इतर पुराव्यांना बरीच पाने दिली आहेत: विद्यार्थिनीने स्वतः लिहिलेला शिकण्याचा करार, लॉगबुकातल्या खऱ्या नोंदी, ऑस्की या प्रात्यक्षिक परीक्षेतले काम, इन्चार्ज सिस्टरचे निरीक्षण आणि सहा महिन्यांनी उपकेंद्रावर जाऊन झालेले बोलणे. महाविद्यालयाने स्वतःची तपासणी कशी करावी, यासाठी स्वतंत्र मांडणी केली आहे. गुण कमी आले तर आधी त्या मांडणीकडे वळावे.

श्रेणीचा उपयोग कशासाठी करू नये, याबाबत पुस्तक स्पष्ट आहे. प्रवेश देण्या-नाकारण्यासाठी ती वापरू नये. निवड तिच्यावर ठरते हे कळताच प्रत्येक जण ‘पूर्ण सहमत’ होईल. अंतर्गत गुणांना ती जोडू नये. कोंकणीभाषक किंवा ग्रामीण विद्यार्थ्यांचा गट ‘असज्ज’ असे कोष्टक छापून मोकळे होऊ नये. उलट वर्षाच्या सुरुवातीला ती भरून घ्यावी, प्रत्येकीचा कागद तिच्याच हाती परत द्यावा आणि सर्वांत कमी गुण पडलेल्या तीन विधानांवर ट्यूटरने तिच्याशी पंधरा मिनिटे बोलावे. ज्या महाविद्यालयाला एवढा वेळ काढणे शक्य नाही, त्याने मोजण्याचा खटाटोप सध्या करू नये, असे लेखकांनी नि:संकोच लिहिले आहे.

वाचक म्हणून नर्सिंगचे ट्यूटर, एम.एस्सी.चे विद्यार्थी, तालुका पातळीवरचे पर्यवेक्षक आणि सीएचओ स्वतः डोळ्यांसमोर आहेत. सगळ्यांनी पहिल्या पानापासून वाचायलाच हवे असे नाही. प्रबंधाच्या घाईत असलेल्यांनी भाषांतर आणि चाचपणीच्या प्रकरणांपासून सुरुवात करावी आणि काय-स्क्वेअरचे कोष्टक आखण्यापूर्वी महाविद्यालयाच्या तपासणीची मांडणी जरूर पाहावी. ट्यूटरना शिकण्याच्या कराराचे नमुने लगेच वर्गात वापरता येतील. ते मराठीत दिले आहेत आणि कन्नड, कोंकणी बोलणाऱ्या मुलींसाठी त्यांत फेरफार करायला पूर्ण मोकळीक आहे. सीएचओंनी मात्र शेवटच्या भागाकडे थेट जावे. सर्पदंश, माकडताप आणि रक्तदाब या तीन विषयांवर स्वतःची माहिती दर सहा महिन्यांनी कशी ताजी करावी, कोणते सरकारी मार्गदर्शक दस्तऐवज आधी पाहावेत आणि शंका आली तर जिल्हा रुग्णालयात कोणाला कोणता प्रश्न कसा विचारावा, याचे टप्पे तिथे एकेका पानावर मांडले आहेत. ती पाने फाडून उपकेंद्राच्या भिंतीवर लावता येतील अशीच छापली आहेत.